सांगलीला समुद्र नाही, हेच बरे!

सांगलीत सत्तावीस गिअरची सायकल घेणाऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळून चुकते की या गावात त्यातले दोन गिअर पुरतात. उरलेल्या पंचवीस गिअरांचे पैसे वसूल कसे करायचे, या विवंचनेत तो नकाशा उघडतो आणि त्याचे बोट थेट पश्चिमेला जाते. गणपतीपुळे, रत्नागिरी, गुहागर, मालवण, जमले तर गोवा. मग डिसेंबरात चार-सहा समदुःखी जमतात, एकसारख्या जर्सी मागवल्या जातात, पाठीवर 'सांगली ते गोवा' छापले जाते, आणि विश्रामबागच्या चौकात पहाटे पाच वाजता नारळ फुटतो. सायकलसफर म्हणजे समुद्रकिनारा हे समीकरण इतके पक्के आहे की "आम्ही सायकलने औदुंबरला जाऊन आलो" असे कुणी म्हटले, तर समोरचा सहानुभूतीने विचारतो, "का, गाडी बंद आहे का?" प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की हे समीकरण मुळातच चुकलेले आहे. सायकलने फिरायला समुद्र लागत नाही, नदी लागते. आणि तीही पोक्त, घाई न करणारी. या कसोटीवर महाराष्ट्रातल्या एकाही किनारी गावाला सांगलीची सर येणार नाही. समुद्र नसणे ही सांगलीची उणीव म्हणून सांगितली जाते. सायकलच्या दृष्टीने ती सांगलीची पात्रता आहे.

पुराव्याची सुरुवात नद्यांच्याच साक्षीने करू. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री एका छपराखाली उगम पावतात, अशी श्रद्धा आहे. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत सत्तर किलोमीटरही नाही. डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या पाचही जणींना हे ठाऊक असणारच. तरी समुद्राकडे निघाली ती एकटी सावित्री. बाकीच्या चौघींनी पाठ फिरवली, वाटेत एकमेकींना गाठत एक झाल्या आणि सुमारे १,४०० किलोमीटरचा वळसा घालून आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागराला मिळाल्या. चार विरुद्ध एक, असा हा स्पष्ट कौल आहे. आता दोन्ही पक्षांची कामगिरी पाहा. सावित्री पोलादपूरला पोचेपर्यंत हजार मीटरहून अधिक खाली कोसळते. त्याच बाजूने आंबेनळी घाट उतरतो, आणि तो उतरताना सायकलस्वाराचे ब्रेक व बोटे एकाच वेळी निकामी होतात. वाईपर्यंत कृष्णाही जरा उतावीळच असते, हे मान्य केले पाहिजे. पण वाईला, सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आली की तिला समज येते. तिथून सांगली रस्त्याने दीडशेहून अधिक किलोमीटर, आणि सांगलीची उंची साधारण साडेपाचशे मीटर. म्हणजे किलोमीटरमागे फक्त एक मीटर उतार. सांगलीच्या पुढे तर ती जवळजवळ अर्ध्या मीटरवर येते. इतका हलका उतार सलग आखून द्या असे एखाद्या खात्याला सांगितले, तर आधी सल्लागार नेमला जाईल, मग निविदा निघेल, मग फेरनिविदा. कृष्णेने हे काम माणूस जन्माला येण्यापूर्वीच करून ठेवले आहे, आणि देयक अजून पाठवलेले नाही.

आता विरुद्ध पक्षाकडे वळू. नकाशावर कोकणचा किनारा उत्तर-दक्षिण सरळ दिसतो, आणि सगळे नियोजन तिथेच फसते. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेला समुद्राकडे जातात आणि किनाऱ्याने निघालेला सायकलस्वार दक्षिणेला. त्यामुळे प्रत्येक नदी त्याला आडवी येते. नऊवारीच्या निऱ्या जशा कमरेपासून खाली सुटतात, तशा डोंगरांच्या सोंडा आणि त्यांच्यामधल्या खाड्या सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत सुटल्या आहेत, आणि आपला गडी त्या निऱ्यांवरून आडवा चालला आहे. एक निरी चढायची, एक उतरायची. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग ही खाड्यांची यादी शाळेत मुले डोक्याने पाठ करतात. सायकलस्वार ती पोटऱ्यांनी पाठ करतो. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, खाली खाडीपर्यंत यायचे, जंगलजेटीची वाट पाहायची, दहा मिनिटांत पलीकडे उतरायचे, की समोर पुन्हा चढ उभा. यातली बाणकोटची खाडी म्हणजे तीच आपली सावित्री, जिने बहुमत डावलले होते. रेवस ते रेडी अशा सलग सागरी रस्त्याची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून चर्चेत आहे. सगळे पूल झाले की खाड्या ओलांडणे सोपे होईल. सडा मात्र आहे तिथेच राहील, कारण त्याला कुणी अडथळा मानलेलेच नाही. मोटारीतून जाणाऱ्याला सडा जाणवत नाही, आणि रस्त्यांविषयीचे निर्णय मोटारीत बसूनच होतात.

या वरखाली जाण्याची किंमत किती, याचाही हिशेब मांडता येतो. माणूस, सायकल आणि 'लागलं तर असू दे' म्हणून घेतलेले सामान मिळून शंभर किलो धरा. हे ओझे शंभर मीटर वर न्यायला भौतिकशास्त्राप्रमाणे ९८ किलोज्यूल पुरतात. पण माणसाचे शरीर खाल्ल्यातला जेमतेम पाव हिस्सा पायडलपर्यंत पोचवते, बाकीचा घामाच्या खात्यात जमा होतो. तेव्हा शंभर मीटरच्या चढाला साधारण शंभर कॅलरी, म्हणजे व्यवहारात एक पोळी. दिवसाला हजार मीटर चढ पडला तर दहा पोळ्या नुसत्या वर जायला. पुढे जायच्या पोळ्या वेगळ्या. बरे, पोळ्या खर्चून मिळवलेली उंची उतारावर वेगाच्या रूपाने परत मिळावी, तर खाडीचा उतार वळणावळणाचा आणि वळणावर बहुधा एसटी. तेव्हा ती सगळी उंची ब्रेकच्या रबरात जिरते. थोडक्यात, कोकण किनाऱ्याचा सायकलस्वार दिवसभर पोळ्या खाऊन रबर तापवत असतो. त्यात शौर्य असेल, पण याला प्रवास म्हणताना जरा अडखळायला होते.

नद्यांचा कौल आणि पोळ्यांचा हिशेब ज्यांना पटत नाही, त्यांनी रेल्वेचे तरी ऐकावे. चढाच्या बाबतीत रेल्वेइतका नाजूक प्रवासी दुसरा नाही; शंभराला एकाहून अधिक चढ दिसला की तिच्या अभियंत्यांना घाम फुटतो. अशा या रेल्वेला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकणातून न्यायचे ठरले, तेव्हा ७४० किलोमीटरमध्ये नव्वदहून अधिक बोगदे खणावे लागले आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल बांधावे लागले. रत्नागिरीजवळ करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि पानवलचा पूल दरीच्या तळापासून ६४ मीटर उंच आहे. १९९८ साली ही गाडी सुरू झाली तेव्हा सगळ्या देशाने अभियंत्यांचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. कारण कोकण सपाट करायला एवढा खटाटोप लागतो, हे त्यातून सिद्ध झाले. आता पुणे-मिरज मार्ग पाहा. ही गाडी साताऱ्याच्या बाजूने कृष्णेच्या खोऱ्यात उतरते आणि मग कऱ्हाड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे, माधवनगर अशी नदीच्या सोबतीने सांगली-मिरजेला येते. कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत एकाही बोगद्याची गरज पडलेली नाही. जिथे केंद्र सरकारला बोगदे खणावे लागले, तिथे आपण केवळ जर्सीच्या जोरावर निघतो. जिथे ब्रिटिश काळातल्या कंपनीने रूळ नुसते अंथरले, तिथे आपल्याला सायकल न्यावीशी वाटत नाही.

पहिला आक्षेप अर्थातच डोळ्यांचा: समुद्र दिसतो त्याचे काय? समुद्र सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की तो सायकलवरून कधी दिसतो. किनारी रस्त्याचा मोठा भाग जांभ्याच्या गडग्यांमधून, कलमांच्या बागांमधून आणि सड्यावरच्या उघड्या कातळातून जातो. तिथे समुद्राचा फक्त दमटपणा पोचतो. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना समुद्राचे जे विख्यात दर्शन घडते, ते चढाच्या माथ्यावरून. आणि माथ्यावर पोचलेल्या सायकलस्वाराला सुरुवातीची पाच मिनिटे समुद्र काय, स्वतःचे हँडलही नीट दिसत नाही. शिवाय दक्षिणेला जाताना समुद्र कायम उजव्या हाताला आणि परतीला कायम डाव्या. चार दिवसांत दृश्याचा एवढाच बदल. मग फोटोसाठी सायकल ओल्या वाळूत उभी करतात. हा फोटो अनिवार्य असतो, कारण त्याशिवाय समुद्राला गेल्याचे सिद्ध होत नाही. वाळू चेनमध्ये, खारे पाणी बेअरिंगमध्ये आणि दमट हवा उरलेल्या सगळ्या लोखंडात शिरते. सांगलीला परतल्यावर आठवडाभर ती सायकल जो आवाज काढते, त्याला तिचा मालक सोडून सगळे समुद्राची गाज मानायला तयार असतात.

याउलट नदीकाठची वाट काय देते ते पाहू. किनाऱ्यावर नद्या वाट अडवायला येतात. कृष्णेच्या खोऱ्यात त्या भेटायला येतात. माहुलीला वेण्णा येते. कऱ्हाडला कोयना थेट समोरून येऊन मिळते. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. पाच नद्यांचे पाच संगम, आणि प्रत्येक ठिकाणी मुक्कामाला हवे ते सगळे: घाटाच्या पायऱ्या, देऊळ, झाडाची सावली, चहाची टपरी आणि "कुठनं आलाय?" असे विचारणारा निदान एक रिकामा माणूस. खाड्यांसारखेच इथेही उपनद्या ओलांडाव्या लागतात, असे कुणी सूक्ष्मदर्शी म्हणेल. खरे आहे, पण इथला पूल एका काठाच्या उंचीवरून दुसऱ्या काठाच्या तेवढ्याच उंचीवर नेऊन सोडतो. संगम सोडून आडवाटेला लागले तरी माल कमी नाही. हरिपूर हे संगीत 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे गाव, शिवाय हळद साठवण्याच्या जमिनीतल्या पेवांचे गाव. सांगलीतून तिथे सायकलने जायला एखादे नाट्यपद म्हणून होईल तेवढाच वेळ लागतो, फक्त गाणारा आलापीत अडकणारा नसावा. नृसिंहवाडीच्या पुढे खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे. शिलाहारांच्या काळातला तो दगड पाहायला लोक विमानाने कोल्हापूरला येतात आणि सांगलीकर "जाऊ की कधीतरी" म्हणतो. आणि ज्यांना सफरीच्या नावात सागर हवाच असेल, त्यांनी देवराष्ट्र्याच्या बाजूला सागरेश्वरला जावे. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडे उभी राहिली, हरणे आली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा हा सागर कोरडा आहे, एवढीच त्याची मर्यादा. पण त्याने चेन गंजत नाही.

सगळा सांगली जिल्हा असाच सपाट आहे, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला आणि १९६० साली सांगली हे नाव घेतलेला हा जिल्हा पश्चिमेला शिराळ्याकडे डोंगराळ आहे आणि पूर्वेला जतकडे कोरड्या माळाचा. तेव्हा वाट निवडताना साधी खूण ध्यानात ठेवावी. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांना देतात. जिथे पाण्याला पंप लागतो, तिथे सायकलस्वाराला फुप्फुस लागते. ज्या गावात पाणी आपोआप आले, तिथे सायकलही आपोआप जाते. उंचीचे आलेख दाखवणारी ॲप्स फोनमध्ये भरण्यापेक्षा 'तुमच्या गावाला पाणी कुठल्या टप्प्यातून येतं?' एवढे विचारावे. उत्तर जितके मोठ्या आकड्याचे, तितके सोबत पाणी जास्त घ्यावे. पंपांचा विषय निघाला म्हणून हेही सांगायला हवे की या खोऱ्याचा सायकलशी संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उद्योगाची सुरुवात केली ती १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून. पुढे त्यांचे नांगर आले, आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. त्यांनी ही जागा सायकल चालवायला सोपी म्हणून निवडली, असा दावा इथे नाही. पण सायकलवाल्याने वसवलेले गाव ज्या रेल्वेमार्गावर आहे, त्या मार्गाने सायकल घेऊन कुणी जात नाही, याची नोंद करून ठेवावी.

दुसरा आक्षेप मर्दानी आहे: सपाटीवर सायकल चालवण्यात कसले आव्हान? घाट नाही तर मजा नाही! हा आक्षेप घेणारे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार खरोखरच घाट चढतो. त्याच्यासाठी सातारा जवळ आहे: यवतेश्वर, पसरणी, खंबाटकी, आणि तेही पुरले नाहीत तर आंबेनळी उलट्या दिशेने. त्याने खुशाल जावे. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो चढावर असतो आणि बोलू शकत नाही. दुसरा प्रकार संख्येने मोठा. तो घाटाच्या पायथ्याला सायकलवरून उतरतो, "जरा पाय मोकळे करू" म्हणतो आणि माथ्यापर्यंत सायकलला हाताला धरून नेतो. त्याचे आव्हान आपण त्याच्यावरच सोडू. पण सपाटी सोपी असते हा समज या दोघांचाही चुकीचा आहे. उतारावर निदान पाय थांबतात. सपाटीवर पाय थांबले की सायकल थांबते. आणि वारा समोरून असला तर त्याला माथाही नसतो. घाटाला कधीतरी शेवट असतो. सांगलीच्या उघड्या शिवारातला समोरचा वारा घर येईपर्यंत असतो, आणि कधी कधी घर आल्यावरच पडतो. डच लोकांना हे पक्के ठाऊक आहे. त्यांचा देश इतका सपाट की डोंगराची हौस भागवायला त्यांनी वाऱ्याचीच राष्ट्रीय स्पर्धा काढली. २०१३ पासून ते वादळाची वाट पाहतात, आणि ते आले की समुद्राच्या बंधाऱ्यावरून साडेआठ किलोमीटर, बिनगिअरच्या साध्या सायकलवर, वाऱ्याच्या तोंडी जातात. सांगलीकराला ही स्पर्धा रोज संध्याकाळी फुकट उपलब्ध आहे. त्याला फक्त पदक मिळत नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याचे वजन टनांत मोजतात. सायकलला उत्तम हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. साखर कारखान्यांचा गळीत हंगामही नेमका तोच. या दिवसांत कृष्णाकाठच्या प्रत्येक रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आढळतो. त्याला मागचा दिवा नसतो. ती उणीव गाण्यांच्या आवाजाने भरून काढलेली असते. उसाचे वाढे दोन्ही बाजूंना इतके बाहेर आलेले असतात, की रस्त्याची रुंदी उरते ती केवळ कागदावर. गंमत अशी की भरलेल्या ट्रॅक्टरचा आणि सायकलीचा वेग जवळजवळ सारखा असतो. त्यामुळे त्याला मागे टाकता येत नाही आणि तो पुढे निघून जात नाही. चार गावे एकाच गाण्याच्या सोबतीने काढावी लागतात. शास्त्र सांगते की मोठ्या वाहनाच्या मागे राहिले की वारा अडतो आणि श्रम वाचतात. हे शास्त्र ट्रॉलीतून ऊस पडत नाही असे गृहीत धरते. तेव्हा अंतर ठेवावे, सरळ थांबावे आणि पुढच्या गावात रस प्यावा. त्याच उसाचा असल्यास सुडाचे समाधानही मिळते. यात वडापवाल्या जीपगाड्या मिळवा. त्या कुठेही, कधीही, कुणासाठीही थांबतात, आणि त्यामागची प्रेरणा फक्त चालकाला ठाऊक असते. आक्षेप मान्य. पण कोकणचा किनारी रस्ता डिसेंबराच्या सुट्टीत मोकळा असतो, अशी कल्पना असेल तर ती फार दिवसांपूर्वीची आहे. तिथे पर्यटकांच्या गाड्या असतात, आणि त्यांच्या चालकांचे लक्ष समुद्राकडे असते. ट्रॅक्टरवाल्याचे लक्ष निदान रस्त्यावर असते. त्याला उसाच्या वजनाची चिंता असते, सूर्यास्ताची नसते.

चौथा आक्षेप पुराचा, आणि तो थट्टेत उडवून लावण्यासारखा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत कृष्णेने काठच्या गावांत काय केले, ते इथल्या भिंतींवर आणि माणसांवर लिहिलेले आहे. तेव्हा या लेखातली नदीची सगळी स्तुती जून ते सप्टेंबर स्थगित समजावी. त्या काळात सायकलस्वाराने एकच आकडा पाहावा: १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. पण आकडा त्याच्या खाली आहे म्हणून निघावे, असाही अर्थ काढू नये. काठची लहान गावे जोडणारे कमी उंचीचे पूल आणि बंधारे कितीतरी आधी पाण्याखाली जातात. पावसाळ्यात सायकल पूर्वेकडे, द्राक्षबागांच्या माळाकडे वळवावी. तिथे चढ आहे, हे आधीच सांगितले आहे. पण पावसाळ्यात चढ हा सद्गुण ठरतो.

आता जेवणाचा मुद्दा. किनाऱ्यावर मासे मिळतात, हा समुद्रपक्षाचा हुकमी एक्का. त्याला उत्तर देणे मांसाहारी माणसाला जड जाते, म्हणून ते टाळून थेट नदीपक्षाचा जेवणाचा फलक वाचू. नृसिंहवाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी. भिलवडी, जिथे १९३९ साली सुरू झालेल्या डेअरीपासून चितळ्यांचा सगळा संसार वाढला. कृष्णाकाठची वांगी आणि सोबत ज्वारीची भाकरी. सांगलीचे भडंग, जे सायकलस्वाराच्या खिशात मावते, उन्हात वितळत नाही आणि परदेशी एनर्जी बारपेक्षा कैक पटींनी स्वस्त पडते. आता प्रामाणिक अडचण अशी की सपाटीवर पोळ्या कमी जळतात, म्हणजे ही बासुंदी शास्त्रदृष्ट्या कमावलेली नसते. यावर उपाय नाही. ती तशीच खावी. कुणी म्हणेल, हे सगळे समुद्र न मिळालेल्यांचे तत्त्वज्ञान आहे, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. ज्या जिल्ह्यात तासगाव आहे, तिथल्या कोल्ह्यावर हा आरोप टिकत नाही. इथे द्राक्षे हाताला लागतात, गोड असतात, आणि खाऊन उरली तर त्यांचा बेदाणा होतो.

शेवटी, नदीकाठच्या वाटेचे हे वेड एकट्या सांगलीचे नाही. युरोपात सायकलसफरींना वाहिलेल्या वाटांचे मोठे जाळे आहे, आणि त्यातली अतिशय लोकप्रिय वाट अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत बहुतेक नद्यांच्या काठाने जाते. तिच्यातला सर्वांत गर्दीचा तुकडा जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूबच्या कडेने. तिथे आजीआजोबा आणि नातवंडे एकत्र सायकलवर दिसतात, कारण उतार हलका आहे आणि पुढच्या वळणावर केक आहे. पुढे काळा समुद्र आहे हे सगळ्यांना माहीत असते; तरी ही सफर व्हिएन्नाला संपवून लोक समाधानाने गाडीत बसतात. कृष्णेच्या काठी याहून वेगळे काही करायचे नाही. कोट्यवधींची योजना नको, उद्घाटन नको, सेल्फी पॉइंट तर मुळीच नको. काठच्या गावांना जोडणारे आतले रस्ते आहेतच. त्यांच्या बाजूपट्ट्या तेवढ्या भराव्यात, संगमांच्या ठिकाणी पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे, आणि पुढचे गाव किती किलोमीटरवर आहे ते सांगणारी पाटी असावी. ती पाटी वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकाने झाकलेली नसावी, ही मागणी जरा जास्त होते, याची कल्पना आहे.

ज्यांना एवढे पटले असेल त्यांनी हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सायकलच्या चाकांत हवा भरावी, ती लगेजमध्ये बुक करून सकाळच्या गाडीने कऱ्हाड गाठावे, प्रीतिसंगमावर चहा घ्यावा आणि नदीच्या दिशेने निघावे. महामार्ग टाळावा, ट्रॅक्टरला वाट द्यावी, भिलवडीला थांबावे. दिवस मावळायच्या आत घर येते. आणि ज्यांना अजूनही समुद्रच पाहायचा आहे, त्यांच्यासाठी गोव्याला जाणारी गाडी मिरजेला थांबते. सायकल मात्र घरी ठेवावी.